साठीनंतरचा खेळ: आधी भिडू जमवा

मुलुंडच्या एका गृहस्थांनी विचारलं आहे: "माझे वडील ७१ वर्षांचे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, गुडघे दुखतात. तरुणपणी लालबागला कबड्डी खेळायचे, आता सकाळी पेपर आणि मग दिवसभर टीव्ही. आमच्या सोसायटीत साठीच्या पुढचे चाळीसेक जण आहेत. त्यांच्यासाठी योगवर्ग सुरू केला. पहिल्या दिवशी पंचवीस आले, महिन्याभरात चार उरले. वडिलांना फिरायला जा म्हटलं की म्हणतात, पडलो-बिडलो तर कोण निस्तरणार? यांना हालचालीकडे, खेळाकडे वळवायचं कसं?"

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दादर-परळ भागात २४ वर्षं काम करते आणि त्यातली १५ वर्षं एका सोसायटीच्या आवारात ज्येष्ठांचा खेळगट चालवते आहे. तेव्हा जे सांगते आहे ते बरंचसं या गटाने मला शिकवलेलं आहे.

तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वडिलांचं आहे. "कोण निस्तरणार" यात आळस नाही. पडण्याची भीती आहे आणि त्याहून मोठी, मुलांवर ओझं होण्याची भीती आहे. ही भीती माणसाला खुर्चीत बसवते. बसून राहिलं की मांड्या आणि कंबरेचे स्नायू आटतात, ते आटले की तोल जातो, तोल गेला की माणूस खरोखरच पडतो. म्हणजे ज्या भीतीने घरात बसले तीच खरी ठरते. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वडील दहा वर्षं टीव्हीसमोर असतील तर शरीराने किती गमावलं असेल याचा अंदाज करा.

पण गेलेली ताकद परत येते, आणि या वयातही येते. १९९० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या, अशक्त झालेल्या मोजक्या लोकांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमचे वडील त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत. हे त्यांना जरूर सांगा, मात्र उपदेशाच्या सुरात सांगू नका.

आता पंचवीसचे चार का झाले ते. मीही सुरुवातीला वर्गच घेतला होता. सगळ्यांना रांगेत उभं करायचं, आकडे मोजायचे, हात वर, हात खाली. तीन महिन्यांनी सहा जण राहिले. मी घरोघर जाऊन विनवण्या केल्या, काही उपयोग झाला नाही. मग एक काका नातवाची रबरी रिंग घेऊन आले. वर्गाच्या आधी दहा मिनिटं चौघं रिंग खेळू लागले, आणि ती दहा मिनिटं वाढत वाढत वर्गच गिळून बसली. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की माणसं एकमेकांना फोन करून बोलावताहेत. कारण साधं आहे. वर्गात एक जण आला नाही तरी वर्ग चालतो. डावात चौथा आला नाही तर डाव अडतो. निवृत्तीनंतर ज्याची कुणीच वाट बघत नाही, अशा माणसाला खाली कुणीतरी खोळंबलंय हे कळणं ही फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या सोसायटीला शिक्षकापेक्षा भिडूंची गरज जास्त आहे असं मला वाटतं.

योगाला मी कमी लेखत नाही. लवचीकपणा, श्वास, मनाची शांती यासाठी तो उत्तम आहे. आमच्याकडेही शेवटची दहा मिनिटं तोच असतो. पण लोकांना घराबाहेर खेचायचं काम खेळ जास्त चांगलं करतो.

सुरू करण्याआधी एक गोष्ट मात्र सोडू नका. काय आणि किती खेळायचं हे प्रत्येकाच्या प्रकृतीवर ठरतं आणि ते मी इथून ठरवू शकत नाही. छातीत दुखणं, थोड्या श्रमाने धाप लागणं, चक्कर, अलीकडची कुठलीही शस्त्रक्रिया, हाडं ठिसूळ असल्याचं निदान, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. वडिलांच्या बाबतीत तीन गोष्टी विचारून घ्या. मधुमेहाच्या गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर एकदम उतरण्याची शक्यता आहे का? तळपायांची संवेदना शाबूत आहे का? आणि डोळ्यांचा पडदा तपासून किती दिवस झाले? रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून श्रम मोजू नका. त्यापेक्षा बोलून बघा. खेळताना वाक्य बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला म्हणजे ठीक. दोन शब्दांनंतर थांबावं लागत असेल तर जास्त झालं.

एक चाचणी घरीच करता येते. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर घडी करून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं, बाईला १० पेक्षा कमी जमलं, तर पायांची ताकद वयाच्या मानाने कमी आहे आणि पडण्याचा धोका जास्त आहे असं समजतात. हाताचा आधार घ्यावाच लागला तर शून्य धरायचं. मी हा आकडा प्रत्येकाच्या नावासमोर वहीत लिहिते आणि तीन महिन्यांनी परत मोजते. वजनाच्या काट्यापेक्षा हा आकडा लोकांना जास्त आवडतो, कारण तो वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढच्यांसाठी सांगितलं आहे की आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल हवी, किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा आणि किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही वापरणारी हालचाल हवी. आपल्याकडे ज्येष्ठांना फक्त चालायला सांगतात. चालणं चांगलंच, पण एका सरळ रेषेत, एका वेगाने चाललं तर तोल फारसा सुधारत नाही. पडतो आपण वळताना, बाजूला पाऊल टाकताना, बसच्या पायरीवर, ओल्या लादीवर. खेळात या सगळ्या हालचाली आपोआप येतात. म्हणून मी खेळाच्या इतकी मागे लागते.

कुठले खेळ? इथे जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चालते ती रिंग, म्हणजे टेनीकॉइट. नियमाचं मैदान ४० फूट लांब, १८ फूट रुंद असतं. आम्हाला तेवढी जागा मिळत नाही, आम्ही दोन मोटारी हलवून मिळेल तेवढ्यात खेळतो. जाळीऐवजी कपडे वाळत घालायची दोरी बांधतो. रिंग हळू येते, पकडायला सोपी, चेंडूसारखी उसळून तोंडावर येत नाही. एक पाऊल पुढे, एक बाजूला, हात वर, परत जागेवर. दुसरा लगोरी. खाली वाकून ठिकऱ्या रचणं म्हणजे अर्धी बैठकच. ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांच्यासाठी आम्ही ठिकऱ्या स्टुलावर रचतो. चेंडू कापडाचा. एकमेकांच्या अंगावर मारायचा नाही, परडीत टाकायचा.

लगोरीत माझ्या हातून एक चूक झाली होती. दुसऱ्याच वर्षी एक काका उंच आलेला चेंडू पकडायला उलट्या पावलांनी मागे धावले आणि पडले. मनगटाचं हाड मोडलं. उलटं धावायचं नाही हा नियम मी आधीच घालायला हवा होता. ते काका दोन महिन्यांनी परत आले, पण त्यांच्या घरच्यांच्या डोळ्यांतली काळजी मला अजून आठवते. त्या दिवसापासून आमच्याकडे डोक्यावरून गेलेली वस्तू सोडून द्यायची, गुण समोरच्याला. कुणीही हुज्जत घालत नाही.

आता तुमच्या वडिलांची कबड्डी. त्यांनी परत पकडीत घुसावं असं मी अर्थातच म्हणणार नाही. पण हा खेळ त्यांच्या अंगात आहे, तो वाया का घालवायचा? इंग्लंडमध्ये चेस्टरफील्ड इथे २०११ साली चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला. पन्नाशीपुढच्यांसाठी, धावायला बंदी. ते वाचून आम्ही चालती कबड्डी करून पाहिली. पुरुषांचं नेहमीचं मैदान १३ बाय १० मीटर असतं, आम्ही त्याच्या अर्ध्यात खेळतो. चढाई चालतच करायची, एक पाय कायम जमिनीवर. पकड नाही, कोपरापासून तळव्यापर्यंत हाताचा स्पर्श झाला की बाद. "कबड्डी कबड्डी" मोठ्याने म्हणायचं, पण दम कोंडायचा नाही, मध्ये श्वास घेतला तर चालतो. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावू नये म्हणून ही सूट आहे. बाजूला सरकणारी पावलं, अचानक दिशा बदलणं, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत तोल सांभाळणं, तोलाचा यापेक्षा चांगला सराव मी दवाखान्यात देऊ शकलेले नाही. मात्र हे पहिल्या आठवड्यात करू नका. दोन महिने ताकदीचा सराव झाल्यावर, आणि ज्यांचा खुर्चीचा आकडा पुरेसा आहे त्यांनीच.

तोपर्यंत वडिलांना पंच करा. हे मी मुद्दाम सांगते आहे. ज्याने लालबागला कबड्डी खेळली आहे त्याला चार नवख्यांसमोर "या, व्यायाम करा" म्हणणं कमीपणाचं वाटू शकतं. पण "आम्हाला बोनस रेषा कुठे मारायची कळत नाही, खाली येऊन दाखवता का?" म्हटलं तर ते येतात. पंच तासभर उभा असतो, रेषेवरून इकडून तिकडे चालतो, वाकून पाऊल बघतो. माझ्या गटातले निम्मे खेळाडू आधी पंच, गुणलेखक नाहीतर नुसते बघे होते. कडेला चार खुर्च्या कायम ठेवा. बघ्याला हाकलू नका आणि ओढूही नका. कॅरम बोर्डही खाली आणा. कॅरमने मांड्या बळकट होत नाहीत हे खरं, पण त्याच्यासाठी लोक जिना उतरतात, आणि दोन डावांच्या मध्ये एक रिंग होऊन जाते.

बायकांबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण तुमच्या चाळीसांत निम्म्याहून अधिक त्या असतील आणि वर्गाला आलेल्यांत कदाचित फार थोड्या. वर्गाची वेळ सकाळी सहा-सात असेल तर त्या येऊच शकत नाहीत. त्या वेळी आजीच्या हातात नातवंडांचे डबे असतात, सून-मुलगा लोकल पकडायच्या घाईत असतात, दूधवाला, कामवाली सगळं तिच्याच भरवशावर चाललेलं असतं. आमच्याकडे बायकांचा गट दुपारी साडेचारला भरतो, तासाभरात मुलं शाळेतून येतात त्याआधी. सुरुवातीला त्यांना "खेळ" शब्दच पटेना. मग श्रावणात मंगळागौरीचे खेळ घेतले आणि साठ-पासष्टच्या बायकांना त्यातलं काय काय येत होतं ते बघून मी थक्क झाले. झिम्मा, पिंगा, हात धरून फेर, टिपऱ्या हे सगळं चालतं. गरगरणारी फुगडी मात्र मी घेत नाही, आणि बसफुगडीही नाही. चक्कर आणि गुडघे दोन्हींना ती झेपत नाही. हाडं ठिसूळ असतील तर पुढे खोल वाकून पिळे घेणंही टाळायचं. श्रावण संपला तरी गट राहिला. आता लेझीम असते. लेझीम दोन्ही हातांनी पेलत ठेक्यावर पावलं टाकायची म्हणजे ताकद, तोल आणि लक्ष तिन्हींचं काम एकदम होतं.

गुडघेदुखीचं भय सगळ्यांना असतं. झिजलेल्या गुडघ्याला पूर्ण विश्रांती दिली तर तो जास्त कुरकुरतो, मांडीचे स्नायू बळकट झाले की दुखणं कमी होतं. खेळताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही वाढलेलं असेल किंवा सूज असेल तर पुढच्या वेळी निम्मं करा. ज्यांना उभ्याने अजिबात झेपत नाही त्यांनी तरणतलावात छातीइतक्या पाण्यात चालावं, शरीराचा बहुतेक भार पाणीच उचलतं.

मुंबईत हे चालवताना जागा आणि हवा या दोन अडचणी येतात. जागेसाठी कमिटीशी आधी बोला: आठवड्यात तीन दिवस, एक तास, अमुक दोन गाड्यांची जागा. लेखी घेतलंत तर पुढे कटकट होत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्यावर खेळू नका, शेवाळलेल्या फरशीवर तर नाहीच. स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये फुग्याचा व्हॉलीबॉल खेळा, खुर्चीत बसूनही खेळता येतो. आमच्या गटात तो पावसाळ्यातला सगळ्यात हसरा खेळ आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात संध्याकाळ उशिरा धरा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरकट दिसत असेल तर ऊन चढू द्या. चप्पल, स्लीपर घालून कुणालाही खेळू देऊ नका, मागून बंद बूट हवेत. खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोज ठेवा. मधुमेह्यांनी उपाशी पोटी येऊ नये. आणि उठल्याउठल्या लगेच खेळायला उतरू नये, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभं राहिल्यावर अंधारी येते.

किती जणांनी सुरुवात करायची? चाळीस जमवायच्या मागे लागू नका. हास्यक्लबची चळवळ १९९५ साली आपल्याच अंधेरीतल्या एका बागेत पाच माणसांनी सुरू केली होती. तुम्हाला चार भिडू पुरेत. पहिले दोन आठवडे अर्धाच तास ठेवा: दहा मिनिटं सांधे मोकळे करणं, पाच मिनिटं खुर्चीतून उठबस आणि भिंतीला हात टेकून टाचा वर करणं, मग खेळ. ताकदीचा भाग खेळाच्या आधीच उरकायचा, नंतर कुणी करत नाही. मोठं उद्दिष्ट हवं असेल तर जानेवारीत मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची वेगळी दौड असते. गणपती झाले की तयारी सुरू करायची. आमच्यातले सहा जण एकदा गेले, सगळा वेळ गप्पा मारत चालले आणि पूर्ण केली. ज्यांना नको असेल त्यांच्यावर ते लादू नका.

थोडक्यात, आधी डॉक्टरांचा होकार आणि खुर्चीची चाचणी, मग चार भिडू, सोयीची वेळ, हळू खेळ, आणि वडिलांना पहिल्या दिवसापासून काहीतरी जबाबदारी.

राहिलं "पडलो तर". याला "नाही पडणार हो" हे उत्तर नाही, कारण कधीतरी पडतील. त्यांना जमिनीवरून उठायला शिकवा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी शिकवते. घरात गादीवर करा, शेजारी न हलणारी भक्कम खुर्ची ठेवा, गुडघ्यांखाली टॉवेलची घडी. उताणे असतील तर आधी घाई न करता श्वास घ्यायचा आणि कुठे जोरात दुखतंय का ते बघायचं. कंबर, मांडी किंवा डोकं दुखत असेल तर उठायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर जोर देऊन रांगत्या स्थितीत यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बसायच्या जागेवर ठेवायचे, जो पाय जास्त भक्कम तो पुढे घेऊन पाऊल जमिनीवर रोवायचं, आणि हात-पाय दोन्हींवर जोर देत उठून, वळून खुर्चीत बसायचं. मग एक मिनिट तसंच बसून राहायचं.

पहिल्यांदा तुम्ही मागे उभे राहा, कमरेला हात द्या. दहा-बारा दिवसांत बहुतेकांना एकट्याने जमतं. आमच्या गटातल्या एका आजोबांनी जमल्यावर लगेच परत गादीवर झोपून दुसऱ्यांदा उठून दाखवलं होतं, कुणीही सांगितलेलं नसताना. तुमच्या बाबांना जमलं की त्याच संध्याकाळी त्यांच्या हातात चुन्याचा डबा द्या आणि खाली मैदानाच्या रेषा मारायला घेऊन जा.